कम्प्युटरला फोनचं नेट देताना

सडक अर्जुनी तालुक्यात नेट कसं चालतं, असं कुणी विचारलं तर उलट त्यालाच विचारावं लागतं: कोणत्या गावात, आणि घराच्या कोणत्या खोलीत? राष्ट्रीय महामार्ग ५३, म्हणजे आपला जुना सहा नंबर, तालुक्यातून जातो. त्याच्या कडेला, सडक अर्जुनीत किंवा कोहमाऱ्याच्या चौकात, फोनला रेंजची ददात नाही. तिथून आत, नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलकाठाला वळलं की एकेक दांडी गळायला लागते. कामं मात्र दोन्हीकडची सारखीच. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर, डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन, धान खरेदीची नोंदणीही ऑनलाइन. यातलं बरंचसं मोबाइलवर होतं हे खरं. पण चार पानी फॉर्म बोटाएवढ्या चौकटीत भरायचा, कागद जोडायचे, भरलेलं पुन्हा तपासायचं, यासाठी मोठा पडदा आणि कीबोर्डच बरा. म्हणून घरोघरी जुना का होईना, एखादा कम्प्युटर किंवा लॅपटॉप येतो, आणि पहिल्याच दिवशी प्रश्न उभा राहतो की याला नेट कुठून द्यायचं. फायबरची तार दारापर्यंत आली नसेल तर उत्तर खिशातच असतं.

हॉटस्पॉट चालू करता येत नाही असं आता फारसं कुणी उरलेलं नाही. तरी तक्रारी ठरलेल्या: नेट मधेच तुटतं, डेटा दुपारीच संपतो, फोन तव्यासारखा तापतो. तिन्ही दुखणी बहुतेक वेळा एकाच कारणाची असतात. फोन कम्प्युटरला नेट देतो तेव्हा तो फोन राहत नाही, मोडेम होतो. आपण मात्र त्याला फोनसारखंच वागवतो: हातात घेऊन फिरतो, त्यावर रील बघतो, खिशात घालून सांदवाडीत जातो. मोडेमला एक जागा लागते, वीज लागते आणि त्याला कुणी हात न लावणं लागतं. एवढं पाळलं तर महागडा फोन नसला तरी काम भागतं.

तार की हवा

फोनचं नेट कम्प्युटरला देण्याच्या तीन वाटा आहेत: वायफाय हॉटस्पॉट, यूएसबी केबल आणि ब्लूटूथ. ब्लूटूथ सोडून द्या. ते जेमतेम एक-दोन एमबीपीएस देतं, त्यात पोर्टलची मुखपृष्ठंही रडतात. उरलेल्या दोघांत लोक डोळे झाकून हॉटस्पॉट निवडतात, कारण तार शोधावी लागत नाही. माझं मत उलटं आहे. एकच कम्प्युटर असेल आणि तो टेबलावर बसलेला असेल, तर तार लावा.

कारणं साधी आहेत. तारेने फोन कम्प्युटरवरच थोडाफार चार्ज होतो. फोनचं वायफाय बंद राहतं, त्यामुळे तो कमी तापतो. शेजारच्या घरातले हॉटस्पॉट एकमेकांच्या लहरींत पाय घालतात, ती कटकट उरत नाही. पासवर्ड नाही, त्यामुळे कुणी फुकटात जोडूनही घेत नाही. आणि जुन्या, असेंबल केलेल्या डेस्कटॉपमध्ये वायफायचं कार्डच नसतं. तिथे एक तर तार, नाही तर वेगळा वायफाय डोंगल विकत घ्यायचा.

ही रीत नवी अजिबात नाही. रिलायन्सचे सीडीएमए फोन घरोघरी होते तेव्हा डेटा केबल लावून कम्प्युटरवर #७७७ डायल करणारे लोक विदर्भातही होते. नोकियावाले पीसी सूट टाकून *९९# लावायचे. आज ते आठवून हसू येतं, पण तार तीच. फरक इतकाच की २०१० मध्ये आलेल्या अँड्रॉइड २.२ पासून ही सोय फोनमध्येच आहे, वेगळं सॉफ्टवेअर टाकावं लागत नाही.

तारेची एक गोम आहे आणि बहुतेकांचं काम तिथेच अडतं. दुकानात किंवा बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या कितीतरी केबल फक्त चार्जिंगच्या असतात. वरून त्या हुबेहूब चांगल्या केबलसारख्या दिसतात, पण आत विजेच्या दोनच तारा असतात, माहिती नेणाऱ्या तारा नसतातच. अशी केबल लावली की फोन चार्ज व्हायला लागतो, माणूस समाधान पावतो, आणि टेदरिंगचं बटण काही केल्या चालू होत नाही. ते फिकट, करड्या रंगाचंच राहतं. ओळखायची खूण अशी: केबल कम्प्युटरला जोडल्यावर फोनच्या वरच्या पट्टीत ‘यूएसबी’संबंधी सूचना यायला हवी. नुसतं ‘चार्जिंग’ दिसलं आणि त्यावर दाबूनही फाइल ट्रान्सफर, टेदरिंग असे पर्याय उघडले नाहीत, तर आधी केबल बदला, मग फोनला दोष द्या. फोनच्या डब्यात आलेली केबल शक्यतो यासाठीच राखून ठेवा. लांबी दोन-तीन मीटरपर्यंत ठीक. साध्या यूएसबी केबलचा धर्म पाच मीटरला संपतो. त्यापुढे एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन जोडत नेलं तर नेट येतं-जातं करत राहतं. आणि जुन्या कॅबिनेटच्या पुढच्या बाजूची भोकं ढिली झालेली असतात, तेव्हा मागच्या बाजूला लावा.

बाकी कृती दोन मिनिटांची आहे. फोनमध्ये मोबाइल डेटा चालू ठेवा, वायफाय बंद करा, केबल लावा. सेटिंग्जमध्ये ‘कनेक्शन्स’ किंवा ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ उघडा, ‘हॉटस्पॉट अँड टेदरिंग’मध्ये जाऊन ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. फोनची कंपनी बदलली की मेनूचं नाव थोडं इकडेतिकडे होतं. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत ‘टेदर’ एवढंच लिहा. विंडोज १० आणि ११ फोनला आपोआप ओळखतं आणि त्याला तारेचं नेटवर्क समजतं, म्हणून वायफायच्या यादीत ते शोधत बसू नका. विंडोज ७ वर कधी कधी ड्रायव्हर टाकावा लागतो. उबुंटूसारख्या लिनक्सवर सहसा काहीच करावं लागत नाही. आयफोन असेल तर विंडोजवर आधी अ‍ॅपलचं आयट्यून्स किंवा ‘अ‍ॅपल डिव्हायसेस’ टाका, फोनवर ‘ट्रस्ट’ म्हणा आणि ‘पर्सनल हॉटस्पॉट’ चालू करा.

आपल्याकडे लाइन जाते-येते. डेस्कटॉप बंद होऊन पुन्हा चालू झाला की टेदरिंग सुटलेलं असतं आणि दर वेळी सेटिंग्जमध्ये जाऊन ते लावावं लागतं. ज्यांचं रोजचं काम आहे त्यांनी अँड्रॉइडच्या ‘डेव्हलपर ऑप्शन्स’मध्ये ‘डीफॉल्ट यूएसबी कॉन्फिगरेशन’ला ‘यूएसबी टेदरिंग’ करून ठेवावं. मग फोन अनलॉक असताना तार लावली की नेट आपोआप सुरू होतं. त्याच यादीत ‘यूएसबी डीबगिंग’ नावाचं बटण आहे, ते मात्र बंदच असू द्या.

हॉटस्पॉटला पर्याय नसतो अशाही जागा आहेत: दोन लॅपटॉप एकाच वेळी चालवायचे असतील, किंवा रेंज माडीवर आणि कम्प्युटर खाली असेल तर. तेव्हा तीन गोष्टी बघा. हॉटस्पॉटचा बँड २.४ गिगाहर्ट्झ ठेवा. जुन्या लॅपटॉपला ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही, आणि भिंतींतून २.४ जास्त पोचतो. (या ५ गिगाहर्ट्झचा आणि टॉवरच्या ५जीचा काही संबंध नाही. ४जी फोनही ५ गिगाहर्ट्झचा हॉटस्पॉट देऊ शकतो.) आयफोनवर हेच ‘मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी’ या बटणाने होतं. दुसरं, सुरक्षेत डब्ल्यूपीए३ असेल आणि जुना लॅपटॉप जोडत नसेल, तर डब्ल्यूपीए२ करा. तिसरं, ‘कुणी जोडलेलं नसल्यास हॉटस्पॉट आपोआप बंद करा’ ही सोय काम चालू असताना काढून टाका. लॅपटॉप पाच-दहा मिनिटं झोपी गेला की याच सोयीमुळे नेट गायब होतं आणि दोष कंपनीवर जातो.

फोनची जागा

आता मुख्य मुद्दा. लोक वेग वाढवायला फोन बदलतात, सिम बदलतात, पण फोन ठेवायची जागा बदलत नाहीत. टॉवरकडून येणारी लहर घरात शिरताना किती मरते हे घरावर अवलंबून आहे. टिनाच्या छताखाली, टिनाच्या भिंतींच्या खोलीत ती सगळ्यात जास्त मरते, कारण धातू तिला परतवून लावतो. जाड मातीच्या भिंतीही बरीच गिळतात, त्यातून पावसाळ्यात ओल असेल तर अधिकच. कवेलूचं छत त्या मानाने दयाळू. स्लॅबच्या घरात मधल्या खोलीपेक्षा खिडकी बरी, खालच्या मजल्यापेक्षा माडी बरी. जंगलकाठच्या गावात टॉवरच्या दिशेला मोहाची-सागाची झाडं असतील तर पानगळीनंतर रेंज सुधारलेली जाणवते. पालवी फुटली की ती पुन्हा मंदावते. झाडांतही पाणी असतं, आणि पाणी लहरी पितं.

दांड्या बघून जागा ठरवू नका. दांड्या प्रत्येक कंपनी आपल्या मनाने दाखवते. अँड्रॉइड फोनमध्ये ‘अबाउट फोन’मध्ये जाऊन सिमची स्थिती उघडली की ‘सिग्नल स्ट्रेंग्थ’ समोर डीबीएममध्ये एक उणे आकडा दिसतो. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की फील्ड टेस्टचा पडदा उघडतो, त्यात तो सापडतो. आकडा शून्याकडे जितका जवळ तितका चांगला. ४जीवर उणे ८०-९० असेल तर झकास. उणे १०० च्या आसपास काम चालतं. उणे ११५ च्याही खाली गेला तर फॉर्म भरायला बसू नका, शेवटच्या पानावर अडकाल. यातला दहाचा फरक किरकोळ नाही: उणे १०५ वरून उणे ९५ वर आलात म्हणजे पोचणारी ताकद दहापट झाली.

तेव्हा एकदा निवांतपणे फोन हातात घेऊन घरभर फिरा. प्रत्येक जागी अर्धा मिनिट थांबा, कारण आकडा लगेच बदलत नाही. ओटा, खिडकी, देवळीजवळ, जिन्याचा वरचा टप्पा, अंगणातला खांब. घरात दहा-पंधराचा फरक सहज सापडतो. सगळ्यात चांगली जागा मिळाली की तिथे एक खिळा आणि कापडी पिशवी लावा, किंवा छोटी फळी ठोका. ती फोनची जागा. कम्प्युटरचं टेबल शक्य असेल तर तिच्याजवळ सरकवा. टेबल हलवणं रिचार्ज बदलण्यापेक्षा स्वस्त आहे.

चांगली जागा कम्प्युटरपासून लांबच असेल, समजा माडीवर, तर फोन तिथे चार्जरला लावून हॉटस्पॉट द्या. रोजचंच काम असेल, म्हणजे घरी कुणी ऑनलाइन शिकतं किंवा गावात फॉर्म भरून देण्याचा व्यवसाय करतं, तर सिम टाकायचा ४जी राउटर घ्यावा. तो उंच जागी बसवता येतो, बाहेरची अँटेना लावता येणारेही मिळतात, आणि घरातला फोन मोकळा होतो. फक्त घेण्याआधी आपल्या कंपनीचं सिम त्यात चालतं का हे दुकानातच लावून बघा.

कोणत्या कंपनीचं सिम, हा वाद पारावर रंगतो. त्याचं उत्तर जाहिरातीत नाही, तुमच्या त्या खिळ्याजवळ आहे. ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झसारख्या खालच्या लहरी दूर जातात आणि झाडं-भिंती जास्त ओलांडतात. वरच्या लहरी वेग देतात पण लवकर थकतात. तुमच्या गावाला कोणत्या टॉवरवरून कोणती लहर येते, यावर सगळा खेळ. म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांचे वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन आणून त्याच जागी, एकदा सकाळी आणि एकदा रात्री आठनंतर, आकडा आणि वेग दोन्ही तपासा. दूरसंचार नियामक ट्रायचं ‘मायस्पीड’ अ‍ॅप वेगासाठी पुरेसं आहे. रात्री आठ ते दहा सगळं गाव नेटवर असतं, तेव्हा जे सिम तगतं ते खरं. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची असेल तर १९०० वर पोर्टचा एसएमएस पाठवून कोड मागवायचा. सध्याच्या कंपनीत किमान ९० दिवस झालेले हवेत.

काठावरच्या गावांत आणखी एक त्रास होतो. फोन ५जी पकडतो, सोडतो, ४जीवर येतो, पुन्हा ५जीकडे धावतो. प्रत्येक उडीला दोन-चार सेकंद नेट थांबतं आणि नेमकं तेव्हाच पोर्टल म्हणतं, ‘सेशन एक्स्पायर्ड’. अशा वेळी ‘प्रेफर्ड नेटवर्क टाइप’मध्ये फक्त ४जी निवडून बसा. वेग थोडा उतरेल, पण धागा तुटणार नाही. फॉर्मला वेग लागत नाही, अखंडपणा लागतो.

डेटा जातो कुठे

रोजचा दीड-दोन जीबी फोनवर दिवसभर पुरतो आणि कम्प्युटरला जोडल्यावर तासात उडतो, हे कोडं वाटतं. फोनला माहीत असतं की आपण मोजून मिळालेल्या डेटावर आहोत. कम्प्युटरला वाटतं की आपण तारेच्या, न मोजलेल्या नेटवर आहोत. मग तो मोकळ्या हाताने खर्च करतो. विंडोजचे महिन्याचे अपडेट काहीशे एमबीपासून जीबीच्या पुढे जातात, वर्षाकाठचं मोठं अपडेट अनेक जीबी. वनड्राइव्ह डेस्कटॉपवरच्या फाइली गुपचूप वर चढवतं. व्हॉट्सअ‍ॅप डेस्कटॉप सगळ्या ग्रुपांचे फोटो-व्हिडिओ उतरवून घेतं. यूट्यूब मोठा पडदा बघून चित्राचा दर्जा वाढवतं. फोनवर ४८० मध्ये दिसणारा तोच धडा इथे १०८० मध्ये सुरू होतो आणि डेटा दुपटी-तिपटीने जातो.

उपाय एका बटणाचा आहे आणि माझ्या मते या सगळ्या लेखात तेच सगळ्यात मोलाचं. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ उघडा. तारेने जोडलं असेल तर ‘इथरनेट’, हॉटस्पॉट असेल तर ‘वायफाय’मधलं त्या नेटवर्कचं नाव, आणि त्यात ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा. एवढ्याने विंडोजला कळतं की हे नेट मोजून येतं. बहुतेक अपडेट ते रोखून धरतं, वनड्राइव्हही थांबतं. फोन बदलला किंवा हॉटस्पॉटचं नाव बदललं की हे पुन्हा करावं लागतं, कारण विंडोज प्रत्येक नेटवर्क वेगळं लक्षात ठेवतं. शेजारच्याच ‘डेटा युसेज’च्या पानावर कोणत्या प्रोग्रॅमने गेल्या ३० दिवसांत किती खाल्लं याची यादी असते. ती एकदा वाचाच. जिचं नावही आपण ऐकलेलं नसतं अशी एखादी गोष्ट वरच्या तिनांत हमखास असते.

अपडेट कायमचे बंद करू नका, सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यातूनच येतात. त्याला एक युक्ती आहे. बहुतेक पॅकचा रोजचा कोटा रात्री बाराला नवा होतो आणि उरलेला वाया जातो. अकराच्या सुमारास जीबीभर शिल्लक दिसली तर मीटर्डचं बटण काढा, अपडेट सुरू करा आणि झोपण्यापूर्वी पुन्हा लावा. मोठं अपडेट असेल तर लॅपटॉप घेऊन फायबर असलेल्या नातेवाइकांकडे जा. गोंदियाला कामानिमित्त जाणं होतंच.

कोटा संपल्यावर बऱ्याच पॅकवर वेग ६४ केबीपीएसवर येतो. म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ किलोबाइट. एक एमबीची फाइल चढवायला दोन मिनिटांहून जास्त, तेही मधे काही अडलं नाही तर. आजची पोर्टलं या वेगात उघडत नाहीत. ‘नेट चालू हाये, पण साइटच खुलून नाही राहिली’, अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी शिल्लक डेटा बघायला सांगतो. आणि अमर्याद ५जीच्या भरवशावर असाल तर लक्षात ठेवा: ती मुभा फोन ५जीवर आहे तोपर्यंतच. तो न सांगता ४जीवर उतरला की रोजचा कोटा जळायला लागतो. वर सांगितलेलं ‘फक्त ४जी’ करून बसलात तरी तेच. म्हणून अशा वेळी फॉर्म भरा, व्हिडिओ नको.

अंदाजासाठी: फॉर्म भरणं, सातबारा काढणं, ईमेल, यांना तासभरात काही डझन एमबी पुरतात. व्हिडिओ कॉलवरचा वर्ग ताशी एक जीबीच्या आसपास जातो. आपला कॅमेरा बंद ठेवला तर बराच वाचतो.

फोन वाजतो तेव्हा

ऐन ‘सबमिट’ला मामाचा फोन येतो. तेव्हा नेट टिकेल की तुटेल हे व्हीओएलटीई चालू आहे का यावर ठरतं. सेटिंग्जमध्ये सिमसमोर ‘व्हीओएलटीई’ किंवा ‘४जी कॉलिंग’ चालू करून ठेवा. मग बोलणं आणि डेटा सोबत चालतात. दोन सिमच्या फोनमध्ये मात्र दुसऱ्या सिमवर कॉल आला की डेटाचं सिम बहुतेक फोनांत थांबतं. दुसरं सिम तात्पुरतं बंद करणं हा सोपा उपाय, पण इथेच पेच आहे: आधारला जोडलेला नंबर नेमका तोच असतो आणि ओटीपी त्यावरच येणार असतो. शिवाय कितीतरी घरांत आधारचा नंबर बापाच्या फोनमध्ये, आणि बाप बांधीवर. म्हणून फॉर्मला बसायच्या आधी आधारच्या नंबरचा फोन घरात आहे, चार्ज आहे आणि त्याला रेंज आहे, एवढं बघून घ्या. ओटीपीची मुदत काही मिनिटांची असते. तेवढ्यात शेतावर सायकल पोचत नाही.

ओटीपी सांगण्याबद्दल नवं सांगण्यासारखं नाही, तरी कम्प्युटर दुसऱ्याचा असेल तर एक जपा. दुकानातल्या कम्प्युटरला आपला फोन लावून नेट द्यायची वेळ आली तर फोनवर येणाऱ्या विचारणीत ‘फाइल ट्रान्सफर’ निवडू नका, फक्त टेदरिंग. हॉटस्पॉटचा पासवर्ड मोबाइल नंबर किंवा जन्मसाल ठेवू नका. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेलेच तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर लगेच कळवा. पहिल्या तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

ऊन आणि लाइन

एप्रिल-मे मध्ये पारा ४५ कडे जातो तेव्हा मोडेम झालेल्या फोनचे हाल होतात. डेटा, चार्जिंग आणि बाहेरचं ऊन, तिन्ही उष्णता एकाच वेळी. फार तापला की फोन स्वतःच वेग उतरवतो, चार्जिंग थांबवतो, कधी हॉटस्पॉटही बंद करतो. कव्हर काढून ठेवा, खिडकीत ठेवला असेल तर ऊन त्यावर येतं का ते दुपारी बघा, पंख्याचा वारा लागू द्या. तापलेला फोन फ्रिजमध्ये ठेवणारे महाभाग आहेत. आत दव धरून फोन कायमचा थंड होतो.

लाइन गेल्यावर लॅपटॉपवाल्याला चिंता नाही. डेस्कटॉपवाल्याला साधा यूपीएस दहा-पंधरा मिनिटं देतो, तेवढ्यात भरलेलं पान ‘सेव्ह’ करायचं, नवं पान सुरू करायचं नाही. टॉवरलाही वीज लागते. त्याची बॅटरी काही वेळ तग धरते, मग गावाची रेंजही जाते. म्हणून लाइन लांबणार असं दिसलं तर काम पहिल्या अर्ध्या तासात आटोपा.

शेवटच्या तारखेला काही केलं तरी पान उघडत नाही, तो दोष बहुधा आपल्या नेटचा नसतो. दुसरं एखादं संकेतस्थळ उघडून बघा. ते धावत असेल तर पोर्टलवर गर्दी आहे. पहाटे पाचला उठा. त्या वेळी सर्व्हरही मोकळा असतो आणि टॉवरही.

जिथे रेंजच नाही

काही टोल्यांवर कोणतीही फळी, कोणतंही सिम चालत नाही. तिथे काम दोन भागांत तोडा. नेट लागतं ते फक्त शेवटच्या टप्प्याला. कागद स्कॅन करणं, फोटो आणि सही कापून घेणं, फाइलचा आकार कमी करणं, हे सगळं घरी नेटशिवाय होतं. बऱ्याच पोर्टलांवर एका कागदाला २५६ केबीसारखी लहान मर्यादा असते आणि फोनच्या कॅमेऱ्याचा फोटो तीन-चार एमबीचा, म्हणजे दहा-पंधरा पट मोठा. विंडोजच्या ‘पेंट’मध्ये ‘रीसाइझ’ करून तो बसवता येतो. फाइलींना नावं नीट द्या: ‘जातीचा दाखला’, ‘मार्कशीट दहावी’. ‘आयएमजी’ आणि पुढे आठ आकडे असली नावं घाईत घात करतात. बँकेचा खाते क्रमांक, आयएफएससी, शाळेचा यूडायस क्रमांक, आधारवरचं नाव जसंच्या तसं, हे एका नोटपॅड फाइलमध्ये उतरवून ठेवा. एखाद्या ओळखीच्याकडून त्या फॉर्मच्या पानांचे फोटो मिळाले तर काय काय विचारतात हेही आधीच कळतं.

मग लॅपटॉप, चांगली केबल आणि आधारच्या नंबरचा फोन घेऊन रेंज असलेल्या जागी जा. काही ग्रामपंचायतींत भारतनेटचं फायबर पोचलेलं आहे. तिथे ते चालू असतं का, हे आदल्या दिवशी विचारून ठेवा. नसेल तर सडक अर्जुनी, कोहमारा किंवा सौंदड गाठा, सावलीची जागा बघा, फोनचा डीबीएम आकडा तपासा आणि मगच लॅपटॉप उघडा. सगळं तयार असेल तर अर्धा तास पुरतो. पावती पीडीएफमध्ये उतरवून घ्या, ती फोनवरही पाठवा, आणि अर्ज क्रमांक कागदावर लिहून घेतल्याशिवाय तार काढू नका.